ईश्वरीची पुडी

परभणी
१५ ऑक्टोबर २०२४

ती. अप्पा,
नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवरचं बोलणं तुम्ही दुसऱ्या दिवशी "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणून उडवून लावता, आणि आपल्या घरात तुमच्याविरुद्ध साक्ष द्यायला कुणी उभं राहत नाही. म्हणून लिहिते. या पत्राची प्रत माझ्याकडे आहे. उत्तरही लेखीच द्यावं.

काकू दसऱ्याला दोन दिवस माझ्याकडे राहून काल सोनपेठला परत गेली. त्या दोन दिवसांत मी तिचं बी.पी. चार वेळा मोजलं. सगळ्यांत कमी १६८ बाय १००, सगळ्यांत जास्त १८२ बाय १०६. घोट्याजवळ बोटाने दाबलं की खड्डा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी तिची टेल्मिसार्टनची गोळी दुप्पट केली, वर लघवीवाटे पाणी काढणारी गोळी दिली. तरीही बी.पी. चढतंच आहे. डॉक्टरांना वाटतंय, औषध कमी पडतंय. तिच्या पिशवीत मला पुडी सापडली नसती, तर मलाही तसंच वाटलं असतं.

पुडी कुणी बांधली हे विचारावं लागलं नाही. वर्तमानपत्राचा चौकोन, एक कोपरा आत खोचलेला, सुटणार नाही असा. आत तीन गोळ्या: डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि आम्लपित्ताची. काकूला विचारलं तर म्हणाली, "अगं, दुखण्याची हाय. बी.पी.ची न्हाई ती."

घोटाळा इथेच आहे. दुखण्याची गोळी शरीरात गेल्यावर फक्त गुडघ्यापाशी जात नाही.

मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या बारीक जाळ्या असतात. जाळीत रक्त आणणारी एक नळी, बाहेर नेणारी एक. आणणारी नळी उघडी राहावी म्हणून शरीर एक द्रव्य तयार करतं. डायक्लोफेनॅक ते तयारच होऊ देत नाही, त्यामुळे ती नळी आवळते. नेणारी नळी थोडी आवळलेली असावी लागते, तर जाळीत दाब राहतो. टेल्मिसार्टन तीच सैल करतं. एरवी हे हिताचं आहे. आणि पाण्याची गोळी रक्तातलं पाणीच कमी करते. म्हणजे येणारं कमी, जाणारं मोकळं, मुळात पाणी थोडं. एकेकटी गोळी बहुतेकांना सोसते. तिन्ही एकत्र, रोज, साठीच्या बाईला, हे मूत्रपिंड बंद पाडण्याचं काम आहे. शिवाय डायक्लोफेनॅक अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, म्हणून बी.पी. वाढतं, बी.पी. वाढलं म्हणून डॉक्टर गोळी वाढवतात. आणि पुडीबद्दल त्यांना कुणी सांगत नाही.

माझं म्हणणं दोन गोष्टींचं. काकूची पुडी आजपासून बंद. बी.पी.च्या गोळ्या मात्र तिने मनाने सोडायच्या नाहीत, डॉक्टरांना पुडी दाखवायची. दुसरी गोष्ट, तुमच्या औषधांच्या दुकानातून सुट्या गोळ्यांच्या पुड्या देणंच बंद करा. तसं होणार नसेल तर भिंतीवरचं माझं फार्मासिस्टचं सर्टिफिकेट उतरवा.

ईश्वरी

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥
सोनपेठ
ता. १८-१०-२४

चि. ईश्वरीस अप्पाचा आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात मिळालं. समोर चार गिऱ्हाईकं उभी व्हती, म्हणून अर्ध्यातच घडी घालून गल्ल्यात टाकलं. सख्ख्या पुतणीनं चुलत्याला नोटीस धाडली हे गावाला कशाला दिसावं? प्रत ठेवलीस म्हणतीस. ठेव. काच लावून ठेव.

मी एकतीस वर्षं या काउंटरच्या मागं हाय. तालुक्यातले अर्धे गुडघे माझ्या वळखीचे हायत. बाई दारातून कशी आत येती त्यावर मी सांगतो, हिचा डावा दुखतोय का उजवा. तू मला नळ्या-जाळ्या शिकवायलीस. त्या मला दिसत न्हाईत. भागम्मा पुडी घेतल्यावर माडीच्या पायऱ्या चढती, ते दिसतं. न घेता कण्हत बसती, तेबी दिसतं.

आणि ऐक. तिला मी दिवसाला एकच पुडी देतो. दुपारी, पोटभर जेवल्यावर, माझ्या हातानं. बायकोला इख देणारा माणूस हाय का मी?

बन्सीधर मुकादम परवा राणीसावरगावहून येऊन गेला. दिवाळी झाली की त्याची टोळी ऊसतोडीला निघणार. दरसालसारख्या तीनशे पुड्या सांगून गेला. चहा पिताना म्हणाला, "अप्पा, कोयता मी देतो, पुडी तुमी द्या, मग टोळी चालती." त्याला काय सांगू? आमच्या पोरीला परभणीचं वारं लागलं, म्हणून औंदा पुडी बंद?

राहिलं सर्टिफिकेट. तुझा बाप गेला तवा तू सातवीत व्हतीस. तुला सायन्सला घातलं, फार्मसीला घातलं. कशासाठी? आजवर भिंतीवर परक्याचं नाव व्हतं, ते काढून घरचं नाव लावावं म्हणून. लावलं. ज्या दिवशी लावलं त्या दिवशी भागम्मानं फ्रेमला हार घातला, जित्या माणसाच्या नावाला हार घालू नये म्हणून मी तो काढला. ते आता उतरवू म्हणतीस. बरं हाय.

थंडी पडायलीय. कानाला बांधत जा.

तुझा,
मन्मथअप्पा

परभणी
२१ ऑक्टोबर २०२४

ती. अप्पा,
नमस्कार.

तुमच्या पत्रात काकूचं बी.पी. किती आहे याचा उल्लेख नाही. माझ्या मागच्या पत्राचा विषय तोच होता.

दुखणं थांबलं, याचा अर्थ गोळीने दुखणं थांबवलं, इतकाच होतो. बाकी आत काय झालं ते पायऱ्यांवर दिसत नाही, रक्तात दिसतं. सोनपेठमध्येच रक्त तपासून मिळतं. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, एवढ्या दोन तपासण्या करा. आकडे मला कळवा. माझं चुकत असेल तर आकडेच सांगतील, आणि मी तसं लिहून देईन.

तुम्ही विष देत नाही हे मला माहीत आहे. तुम्ही पुडी देता. पुडीवर नाव नसतं, ताकद नसते, मुदत नसते. काकू आजारी पडली तर कोणत्याही डॉक्टरला ती एवढंच सांगू शकेल की कागदात तीन गोळ्या होत्या, एक गुलाबी. त्या टोळीत कोण बी.पी.ची गोळी घेतं, कुणाला साखर आहे, कोण दिवसभर उन्हात पाण्याशिवाय ऊस तोडतं, हे बन्सीधर मुकादम बघणार आहे का?

सर्टिफिकेटबद्दल. माझं नाव भिंतीवर आहे आणि मी रोज नऊ ते सहा परभणीच्या दवाखान्यात औषधं देते. म्हणजे सोनपेठच्या दुकानात फार्मासिस्ट हजर आहे असं जे आपण दाखवतो ते खोटं आहे. त्या कागदावर माझीही सही आहे. मी ते विसरलेले नाही.

२८ तारखेपर्यंत पुडी बंद झाल्याचं तुमच्या अक्षरात आलं नाही, तर मी औषध प्रशासनाच्या कार्यालयात अर्ज देईन, की या दुकानाशी माझा संबंध संपला. अर्ज टाइप करून तयार आहे. तारीख तेवढी भरायची आहे.

ईश्वरी

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥
सोनपेठ
ता. २४-१०-२४

चि. ईश्वरीस,

तारीख भरायच्या आधी हे वाच.

काल गल्ल्याच्या खालचा खण साफ केला. त्यात तुझा कागद सापडला. झेरॉक्स सोबत जोडलीय. अस्सल माझ्याकडं हाय. प्रत ठेवायला मीबी शिकलो.

मे २०१९. तू दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन सुट्टीला आली व्हतीस. जुन्या पुडीत मी ती बारकी पांढरी गोळी टाकायचो, स्टेरॉइडची. तू दुकानात उभी राहून माझ्याशी भांडलीस. "अप्पा, ही गोळी म्हणजे घात हाय, हाडं पोकळ व्हतील लोकांची." गिऱ्हाईकासमोर भांडलीस. मी म्हटलं, बरं बाई, मग तू बांधून दाखव. तू या कागदावर लिहून दिलंस: डायक्लोफेनॅक पन्नास, पॅरासिटामॉल, सोबत आम्लपित्ताची. खाली दोन रेघा मारून लिहिलंस, "जेवणानंतरच. ही सुरक्षित आहे."

अक्षर तुझंच हाय ना?

तवापासून मी एक गोळी इकडची तिकडं केली न्हाई. लोक काय म्हणून मागतात ठाऊक हाय का? "अप्पा, दोन ईश्वरीच्या पुड्या द्या." राणीसावरगावची बाई असो का पेडगावचा म्हातारा, तुझंच नाव घेतात. मला लय बरं वाटायचं ते ऐकून. तुला कधी बोललो न्हाई, तू शेफारशील म्हणून.

आता सांग. भिंतीवरचं नाव उतरवतो, पण लोकांच्या तोंडातलं कसं उतरवू?

मन्मथअप्पा

परभणी
२७ ऑक्टोबर २०२४

ती. अप्पा,

अक्षर माझंच आहे.

 झेरॉक्समधला तो कागद मी पुन्हा वाचला. त्यात लिहिलेलं प्रत्येक नाव बरोबर आहे, प्रमाण बरोबर आहे. स्टेरॉइड काढलं तेही बरोबर होतं. चूक शेवटच्या वाक्यात आहे. मी वीस वर्षांची होते आणि मला एवढंच शिकवलं गेलं होतं की कोणती गोळी पोटाला काय करते. घेणारा आधीपासून दुसरं काय घेतो, हे विचारायला मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण ते माझ्याच डोक्यात आलं नव्हतं. पुढच्याच वर्षी हा धडा अभ्यासाला होता. मी तो पाठ केला, त्यात चांगले मार्क घेतले, आणि सोनपेठचा खण मला आठवला नाही.

म्हणजे काकूच्या पिशवीतली पुडी बांधली तुम्ही, पण ठरवली मी. मागच्या दोन पत्रांत मी सगळं तुमच्यावर टाकलं. ते मागे घेते.

हे वाचून मी गप्प बसेन, असं तुम्हाला वाटलं असेल. पुडी माझी असेल, तर ती बंद करायचा अधिकारही माझाच आहे. आता तुम्हाला विनंती नाही.

उद्या सोमवारी अर्ज देते आहे. त्यात हेही लिहिलं आहे, की मी हजर नसताना माझं नाव तिथे होतं आणि हे मला माहीत होतं. अर्ज दिल्यावर दुसरा फार्मासिस्ट मिळेपर्यंत दुकान उघडता येणार नाही. दिवाळीच्या तोंडावर हे करते आहे याची मला जाणीव आहे. तुम्ही रक्त तपासलं असतंत तर कदाचित थांबले असते. तुम्ही खण तपासलात.

सोबतचं बंद पाकीट काकूचं आहे. ते तिच्याच हातात द्या. उघडू नका.

ईश्वरी

सोनपेठ
५ नोव्हेंबर

ईश्वरी बाळा,

तुझी चिठ्ठी अप्पांनी दिली. उघडली न्हवती. पण माझ्यासमोर आदळली.

मी चौथीपर्यंतच शिकलेय, अक्षराला हसू नको. फोन केला असता पण फोन यांच्याकडं, अन् हे स्पीकर लावूनच बोलतात. सगळ्या गल्लीला ऐकू जातं.

दुकान बंद हाय. शटर खाली, हे पायरीवर बसलेले. येईल त्याला सांगतात, पुतणीनं कुलूप घातलं. लोक म्हणतात आगं बया. मी आतून ऐकती. एकदा सांगावं वाटलं, कुलूप तुमीच घातलंय, चावी तुमच्याच करगोट्याला हाय. पण सणाचं बोलली न्हाई.

तू चिठ्ठीत इचारलंस, काकू खरं सांग, किती पुड्या घेतेस. खरं सांगती. यांना सांगू नको.

एक हे देतात दुपारी. एक मी घेती पहाटं, लिंगपूजा झाली की, बी.पी.च्या गोळीसंगंच. दुकानातल्या पुड्यांच्या डब्यातून, आपली आपण. मांडी घालून पूजेला बसलं की गुडघा उठू देत न्हाई. दिवाळीत चकल्या, करंज्या करायला तीन-तीन तास बसले, तवा तिसरीबी घेतली. हे दुपारची पुडी हातात ठेवतात अन् लय मायेनं पाणी देतात, म्हणून सांगवेना की सकाळची पोटात हाय.

दुकान बंद व्हायच्या आदल्या दिशी मी डब्यातल्या वीसेक काढून ठेवल्या. तू बंद करणार हे ऐकलं व्हतं. आता राग कर.

तुला येड्यावानी वाटंल. पण तुझं नाव हाय त्या पुडीला. तू परभणीला गेल्यापास्नं घर कसं खायला उठतं. पुडी तोंडात टाकली की वाटायचं, पोरीनं दिली.

चार दिस झाले, जेवण जाईना. पाणी प्यालं तरी उलटतं. लघवीला लय कमी होती, दिसातून एकदा, ती बी चहासारखी. पाय असे सुजलेत की चप्पल घालता येईना, यांची घालून फिरती. दिवाळीचं तेलकट बाधलं असंल.

तू कशी हायस? भाकर करतीस का नुस्तं मॅगी?

तुझी काकू
भागम्मा

परभणी
१२ नोव्हेंबर २०२४

ती. अप्पा,

तुम्ही काल न सांगता कुठे गेलात? दोन दिवस आयसीयूबाहेरच्या बाकावर बसलात, आणि काल सकाळी बाक रिकामा होता. फोन बंद आहे. हे पत्र सोनपेठच्या पत्त्यावर टाकते आहे, कारण दुसरा पत्ता माझ्याकडे नाही.

काकूचं पत्र मला आठ तारखेला मिळालं. मी जीप घेऊन दारात आले तेव्हा तुम्ही "आधी बस, चहा घे" म्हणालात. मी बसले नाही. त्याबद्दल नंतर कधीतरी माफी मागेन. आत्ता नाही.

तुम्हाला आकडे नको असतात. तरी लिहिते.

क्रिएटिनिन आलं तेव्हा ४.३. पाहिजे एकच्या आसपास. पोटॅशियम ६.४, हृदय कधीही थांबेल असं. एकदा डायलिसिस करावं लागलं. डायक्लोफेनॅक, टेल्मिसार्टन, पाण्याची गोळी, तिन्ही बंद आहेत. बी.पी.साठी दुसऱ्या जातीची गोळी चालू केली. आज क्रिएटिनिन ३.१ आणि चोवीस तासांत लघवी नऊशे मिली. डॉक्टर म्हणाले, आठवडा उशीर झाला असता तर बोलण्यासारखं काही उरलं नसतं. त्यांनी विचारलं, घरात कुणाला औषधातलं कळतं का? मी म्हटलं, हो, मला.

काकूने जे तुम्हाला सांगू नको म्हटलं होतं ते डॉक्टरांना सांगावं लागलं, तेव्हा तुम्ही तिथेच होता. रोज दोन पुड्या. तुमचा चेहरा मी पाहिला. मला त्या वेळी जिंकल्यासारखं वाटलं नाही, एवढं तुम्हाला माहीत असावं.

ती डोळे उघडले की तुम्हाला विचारते. मी सांगते, खाली चहा प्यायला गेलेत. दोन दिवस कुणी चहा पीत नाही. या.

ईश्वरी

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥
सोनपेठ
ता. १९-११-२४

चि. ईश्वरी,

मी पळून गेलो न्हवतो. टोळीकडं गेलो व्हतो.

तुला सांगायचं व्हतं पण जीभ उचलंना. तुझ्या अर्जाचं कळलं त्याच सांजेला, शटर अर्धं खाली असताना, मी बन्सीधरला त्याच्या तीनशे पुड्या देऊन टाकल्या. तुझ्यावरच्या रागानं दिल्या. ते तुला ठाऊक न्हाई.

त्या बाकावर मी बसलेलो, डॉक्टर तुला तीन गोळ्यांची नावं सांगायलेले, आणि माझ्या डोळ्यापुढं धुरपदाबाई आली. पेडगावची, रामकिशनची बायको, बन्सीधरच्या टोळीत मोळ्या वाहती. तिची बी.पी.ची गोळी माझ्याच दुकानातनं जाती. पाण्याच्या गोळीसकट. मीच देतो, मीच पुडी देतो. एका हातानं हे, एका हातानं ते. एकतीस वर्षांत हे दोन हात मी एकत्र बघितले न्हाईत.

बन्सीधरला फोन लावला. म्हणाला, "अप्पा, पुडीशिवाय बाया कोयता उचलत न्हाईत. आन् आता मधीच हे काय काढलं?" मग एसटी धरली. सोलापूर, तिथनं पुढं कर्नाटकात, तिसऱ्या दिवशी फड सापडला. बी.पी.चं मशीन काखेत. लोकांना वाटलं इमावाला आला.

धुरपदाबाईचं मोजलं, १९० च्या वर. पाय भागम्मासारखेच. दिवसाला तीन पुड्या घ्यायची. मी म्हटलं, बाई, पुड्या परत दे, ह्या तुला मारतील. ती कोयता खाली ठेवंना, उभ्या उभ्याच म्हणाली, "अप्पा, पुडी काढून घेता, मग मोळी तुमी उचलता का?"

रामकिशन हसला. बन्सीधरबी हसला. मी हसलो न्हाई. मोळीला हात लावून बघितला, ईश्वरी. मला हालली न्हाई.

तिला तिथल्या सरकारी दवाखान्यात मी सोता घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईला दोन्ही हातातल्या गोळ्या दाखवल्या. तिनं रक्त घेतलं. भागम्माइतकं बिघडलं न्हाई, १.८ म्हणाली. गोळ्या बदलून दिल्या, आठ दिवस मोळी उचलायची न्हाई म्हणून लिहून दिलं. बन्सीधरनं त्यो कागद वाचून खिशात घातला. आठ दिवस पाळतो का चार, देव जाणे. मी त्याला सांगितलं, पाळला न्हाईस तर पुढच्या साली माझ्या पायरीवर पाय ठेवायचा न्हाई. तो म्हणाला, "अप्पा, पुढच्या साली तुमचं दुकान असंल का?"

तीनशेतल्या दोनशे अकरा पुड्या परत मिळाल्या. बाकीच्या खाल्ल्या लोकांनी. आणलेल्या मी घरी फोडल्या न्हाईत, तशाच पिशवीत हायत, साहेबाला दाखवायला.

कारण औषध कचेरीच्या साहेबाचं पत्र आलंय. मला एक, तुला एक, चार डिसेंबरला परभणीत हजर व्हा म्हणून. मी इचार केलाय. मी लिहून देतो की ईश्वरीला यातलं काई ठाऊक न्हवतं. सर्टिफिकेट मीच तिला न इचारता लावलं, सही घरात भुलवून घेतली. आणि तो २०१९ चा कागद मी जाळून टाकतो. तुझं सगळं आयुष्य पुढं हाय. माझं झालंय. यात तू मधी बोलू नको.

उद्या दवाखान्यात येतो. भागम्माला सांग, चहा पिऊन झाला.

तुझा,
अप्पा

परभणी
२८ नोव्हेंबर २०२४

ती. अप्पा,
नमस्कार.

गेले आठ दिवस तुम्ही रोज समोर आहात आणि तरी मी हे लिहूनच देते आहे. समोर बोलले तर तुम्ही डोक्यावरून हात फिरवाल आणि विषय संपेल.

मला यातलं काही माहीत नव्हतं, असं तुम्ही लिहायचं नाही. लिहिलंत तर मी त्याच टेबलावर ते खोटं आहे असं सांगेन. मी सज्ञान होते, सही माझी आहे, आणि कुणी भुलवून सही घ्यावी इतकी मी भोळी कधीच नव्हते, हे सोनपेठमध्ये कुणीही सांगेल. कागद जाळू नका. झेरॉक्स माझ्याकडे आहे, मी ती अर्जाला जोडलेली आहे.

त्यांनी विचारलं तर मी २०१९ पासूनचा सगळा क्रम सांगणार आहे. माझी नोंदणी काही काळ थांबवतील, असं मला वाटतं. मी काम करते त्या दवाखान्यात काल स्वतःहून सांगितलं. त्यांनी निकाल लागेपर्यंत मला औषधांच्या खिडकीवरून काढून भांडारात बसवलं आहे. ते योग्य आहे. मी तुमच्या पाठीमागे लपून जी नोंदणी वाचवीन, तिच्यावर मला पुढची तीस वर्षं औषधं द्यायची नाहीत.

धुरपदाबाईंनी तुम्हाला जे विचारलं त्याला गोळीत उत्तर नाही. मोळीचं वजन, तासांची मर्यादा, फडावर पाणी, दवाखान्यापर्यंतची गाडी, हे सगळं मुकादमाने आणि कारखान्याने द्यायचं आहे, आणि आजवर त्याच्या जागी आपली पुडी दिली गेली. इथून पुढे ते आपल्या पुडीवर निभावणार नाही. सुनावणीत मी हेही बोलणार आहे. विषयाला सोडून बोलू नका म्हणाले तरी बोलणार आहे. तुमच्या दोनशे अकरा पुड्या टेबलावर असताना विषय सोडून काही उरत नाही.

काकूचं आजचं क्रिएटिनिन १.९. चार दिवसांपासून तिथेच आहे. डॉक्टर म्हणतात, तीन महिने बघू. पण पहिल्यासारखं होईल असं ते म्हणत नाहीत, आणि हे मी तिच्यापासून लपवलेलं नाही. सांगितलं. तिने ऐकून घेतलं. गुडघ्याला शेक आणि मोजून पॅरासिटामॉल, नाव आणि ताकद लिहिलेल्या पाकिटातून. दवाखान्यातून माझ्याकडे आल्यापासून पूजेला ती खुर्चीवर बसते.

चार तारखेला तिने घरी थांबावं असं मी म्हटलं. तुम्हीही म्हणालात. तिने आपल्या दोघांसाठी उत्तर दिलं आहे, जसंच्या तसं लिहिते: "किडन्या माझ्या गेल्या, अन् कचेरीत बोलणार तुमी दोघंच व्हय? मी काय पुडीतली गोळी हाय का, कुणीबी बांधावी अन् कुणीबी द्यावी?"

कार्यालयाला मी कळवलं आहे, तीन खुर्च्या लागतील.

ईश्वरी